आजाराआधीचं औषध

मैत्रिणींनो, मागच्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या एका वहिनींच्या लेकीचं ऑपरेशन झालं. आजार काहीच नव्हता. लहानपणी उकळता चहा अंगावर सांडला, तेव्हापासून हनुवटीखाली आणि गळ्यावर भाजल्याचा जाड डाग राहिलेला. पोरगी शिकली, नोकरीला लागली, पण ओढणी गळ्याभोवती घट्ट गुंडाळल्याशिवाय तिने कधी उंबरा ओलांडला नाही. सुपारी हनुमानाला जायचं तरी ओढणी आणि भर मे महिन्यात पैठण गेटला खरेदीला जायचं तरी ओढणी! शेवटी तिने स्वतःच्या पगारातून पैसे साठवले आणि प्लास्टिक सर्जरी करायची असं घरात सांगून टाकलं.

झालं, घरात दोन तट पडले. वहिनी लेकीच्या बाजूने, आणि मुलीची आत्या विरोधात. धडधाकट अंगाला कशाला चाकू लावायचा, हे आत्याबाईंचं म्हणणं. मी बचत गटाच्या बायकांना घेऊन घाटीत वगैरे जात असते, त्यामुळे दवाखान्यातलं सगळं मला कळतं असा गल्लीचा गोड गैरसमज आहे. म्हणून मलाही सोबत नेलं.

ऑपरेशनच्या आधी तासाभरात सिस्टर आल्या, सलाईन लावलं आणि त्यातून एक इंजेक्शन दिलं. वहिनींनी विचारलं, हे कशाचं? सिस्टर म्हणाल्या अँटिबायोटिक. वहिनींचा चेहराच उतरला. ताप नाही, पू नाही, जखम तर अजून झालेलीच नाही, मग अँटिबायोटिक कशाला? मुलीला काही झालंय आणि आपल्याला सांगत नाहीत, अशी शंका त्यांच्या मनात आली.

भूल देणाऱ्या डॉक्टरबाई भल्या होत्या. त्यांनी दोन मिनिटं थांबून समजावलं. आपल्या कातडीवर जंतू असतातच, कितीही घासूनपुसून घेतलं तरी थोडे राहतातच. चाकू लागला की त्यांना आत जायला वाट मिळते. त्या क्षणी औषध रक्तात आणि कातडीत आधीच पोचलेलं असेल, तर जंतू दारातच मारले जातात. नंतर दिलं तर तेवढा उपयोग नाही. मांजर दूध पिऊन गेल्यावर पातेल्यावर झाकण ठेवण्यातला प्रकार! जॉन बर्क नावाच्या डॉक्टरांनी १९६१ मध्ये प्राण्यांवर प्रयोग करून हेच दाखवलं होतं. म्हणून साधारणपणे चीर देण्याच्या आधीच्या तासाभरात हा डोस देतात. बहुतेक वेळा तो एकच पुरतो. ऑपरेशन फार लांबलं तर मध्येच पुन्हा देतात. आणि अगदी छोट्या, स्वच्छ ऑपरेशनला तर कित्येकदा लागतही नाही.

ऑपरेशन नीट झालं. घरी जाताना चिठ्ठीवर दुखण्याची गोळी होती, ड्रेसिंगची तारीख होती. अँटिबायोटिक नव्हतं. आत्याबाईंना हे काही पटेना. एवढे पैसे घेतले आणि साधा पाच दिवसांचा कोर्स दिला नाही? संध्याकाळी त्या स्वतःच एका मेडिकलमधून नातवाच्या जुन्या औषधाचं नाव सांगून पट्टी घेऊन आल्या. चिठ्ठी कुणी विचारली नाही. पट्टी मुलीच्या उशाशी ठेवली, वर मायेने सांगितलं की दोन वेळा घे, म्हणजे पिकणार नाही.

ती पट्टी बघितली आणि मला १९९४ साल आठवलं.

तेव्हा मी शाळेत होते. किल्लारीच्या भूकंपाला वर्ष होत आलं होतं. ऑगस्टच्या अखेरीस बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचा प्लेग निघाल्याची बातमी आली आणि पुढे सप्टेंबरात सुरतेहून फुप्फुसाच्या प्लेगची. आमच्या तेव्हाच्या औरंगाबादेत नुसती घबराट! तोंडाला रुमाल बांधून आम्ही शाळेत जायचो. एकच शब्द सगळ्यांच्या तोंडी झाला होता, टेट्रासायक्लिन. रोग्याच्या सहवासात आलेल्यांना हे औषध आधीच दिलं की प्लेग टाळता येतो, म्हणून सरकारी पथकं ते वाटत होती. पण ज्यांना गरज नव्हती त्यांनीही ते मिळेल तिथून विकत घेतलं. माझ्या आईनेही आणलं! घरात सगळ्यांना दोन दिवस दिलं, उरलेल्या कॅप्सुली देवघराच्या फळीवर ठेवल्या. शेजारच्या डॉक्टरकाकांना कळलं तेव्हा ते आईला रागावले. लहान मुलांना हे औषध दिलं तर येणाऱ्या दातांवर डाग पडतात, एवढं मला त्या रागावण्यातलं समजलं. बाकी काही नाही.

त्या कॅप्सुलीमागचा माणूस मला भेटला तो पुष्कळ वर्षांनी, एका पुस्तकात. माणूस आपल्याच देशातला. नाव येल्लाप्रगडा सुब्बाराव.

सुब्बारावांचा जन्म १२ जानेवारी १८९५ चा, आंध्रातल्या भीमावरमचा. तेव्हा तो भाग मद्रास इलाख्यात होता. घर ओढगस्तीचं, भावंडं बरीच, वडील सतत आजारी. पोरगा मात्र अभ्यासात रमणारा नव्हता. तेराव्या वर्षी घरातून पळून काशीला जायला निघाला, यात्रेकरूंना केळी विकून श्रीमंत व्हायचं म्हणून! आई वेंकम्मा खमकी. तिने त्याला परत आणला आणि पुन्हा शाळेत बसवला. पुढे वडील गेले. आईने अंगावरचं सोनं मोडून मुलाला मद्रासला शिकायला ठेवलं असं सांगतात. मॅट्रिकला तो दोनदा नापास झाला, तिसऱ्या खेपेला पास. आपल्या घरात मूल एकदा नापास झालं की आपण कपाळाला हात लावतो. म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

कॉलेजात गेल्यावर त्याच्या मनाने घेतलं की संन्यासी व्हायचं, रामकृष्ण मठात जायचं. आईने परवानगी दिली नाही. मठातल्या लोकांनीही सांगितलं की डॉक्टर हो, तीही सेवाच आहे. तो मद्रास मेडिकल कॉलेजात गेला. गांधीजींच्या स्वदेशीच्या हाकेला ओ देऊन त्याने ऑपरेशनच्या वेळी घालायचा डगलाही खादीचा शिवून घेतला. सर्जरीच्या इंग्रज प्राध्यापकांना ते झोंबलं. लेखी परीक्षेत उत्तम असूनही त्याला पूर्ण एम.बी.बी.एस. मिळाली नाही, त्याखालची एल.एम.एस. पदवी हातावर ठेवली. खादीच्या एका डगल्याने सरकारी नोकरीचं दार बंद झालं.

शिक्षणाचा खर्च भागला तो सासऱ्यांमुळे. १९१९ मध्ये सुब्बारावांचं लग्न झालं. पत्नी शेषगिरी अगदी लहान वयाच्या होत्या, तेव्हाच्या रीतीप्रमाणे. आणि मग घरावर घाला आला. थोड्याच दिवसांच्या अंतराने दोन भाऊ गेले. रोगाचं नाव स्प्रू. आतड्याचा रोग, अन्न अंगी लागत नाही, जुलाब थांबत नाहीत, रक्त कमी होत जातं, माणूस वाळत जातो. सुब्बाराव स्वतः डॉक्टर, आणि हाताशी औषध नाही! पुढे तो रोग त्यांनाही झाला. त्यातून ते वाचले एका आयुर्वेदाच्या जाणकार डॉक्टरांच्या उपचाराने. मग काही काळ त्यांनी मद्रासच्या आयुर्वेद कॉलेजात शरीरशास्त्र शिकवलं. पण डोक्यात एकच किडा होता, या रोगांवर औषध शोधायचं.

त्यासाठी अमेरिकेला जायचं ठरलं. एका धर्मादाय संस्थेने मदत केली, सासऱ्यांनी पैसे घातले. ऑक्टोबर १९२३ मध्ये ते बोस्टनला पोचले. जाताना घरी कबूल केलं होतं की तीन वर्षांत परत येतो.

ते परत आलेच नाहीत.

शेषगिरींना मुलगा झाला, पण तो वर्षाचा व्हायच्या आतच जंतुसंसर्गाने गेला. बापाने त्याचं तोंडही पाहिलं नाही. मैत्रिणींनो, सुब्बारावांचं चरित्र वाचताना मी इथे पुस्तक मिटून ठेवलं होतं. त्या विशीच्या आतल्या मुलीचं काय झालं असेल? नवरा सातासमुद्रापार, मूल गेलेलं, माहेर-सासरच्या बायका काय काय बोलल्या असतील! शेषगिरी वाट बघत राहिल्या. पंचवीस वर्षं. सुब्बारावांच्या मोठेपणाबद्दल लिहिताना ही बाजू झाकून ठेवणं मला जमत नाही.

तिकडे सुब्बारावांचे दिवसही सुखाचे नव्हते. हार्वर्डमध्ये उष्ण प्रदेशातल्या रोगांचा अभ्यास सुरू झाला, पण खिसा रिकामा. हिंदुस्थानी डिग्रीवर तिथे डॉक्टरकी करता येईना. मग एका हॉस्पिटलात त्यांनी रात्रीचं काम धरलं, रोग्यांची भांडी उचलण्याचं, साफसफाईचं. दिवसा अभ्यास. पुढे सायरस फिस्क यांच्या हाताखाली ते प्रयोगशाळेत आले. रक्त-लघवीतलं फॉस्फरस मोजायची एक पद्धत दोघांनी शोधली, १९२५ ची. दोघांच्या नावाची ती पद्धत जगभरच्या लॅबमध्ये पोचली. मग १९२७ मध्ये स्नायूंमधलं फॉस्फोक्रिएटिन आणि १९२९ मध्ये ए.टी.पी. बारावी सायन्सच्या मुलांना विचारा, ए.टी.पी. म्हणजे पेशीला लागणाऱ्या ताकदीची नाणी! त्याच सुमारास जर्मनीत कार्ल लोमान यांनीही ते स्वतंत्रपणे शोधलं. १९३० मध्ये सुब्बाराव पीएच.डी. झाले. पण कायमची जागा हार्वर्डने त्यांना दिली नाही. केलेल्या कामाचं श्रेय मागायचा स्वभाव नव्हता, पुढे पुढे करणं जमत नव्हतं. काही काम तर जगासमोर येऊच शकलं नाही, आणि इतरांना ते पुन्हा शोधावं लागलं.

१९४० मध्ये ते न्यूयॉर्कजवळच्या पर्ल रिव्हर इथे लेडर्ले या औषध कंपनीत गेले आणि लवकरच तिथल्या संशोधनाचे प्रमुख झाले. इथून पुढची आठ वर्षं म्हणजे नुसता धडाका!

पहिलं फॉलिक अ‍ॅसिड. याची सुरुवात तर आपल्या मुंबईत झालेली. १९२८ च्या सुमारास ल्यूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली होती. गिरणीत काम करणाऱ्या गरीब बायकांना गरोदरपणी रक्त इतकं कमी का होतं, हे ती शोधत होती. यीस्टपासून केलेल्या एका स्वस्त पदार्थाने त्या बायका सुधारतात हे तिने दाखवलं. त्यात काहीतरी आहे एवढं कळलं, पण ते काय, हे कळायला वेळ लागला. ते फॉलिक अ‍ॅसिड. सुब्बारावांच्या गटाने ते १९४५ मध्ये प्रयोगशाळेत तयार करून दाखवलं. अंगणवाडीत गरोदर बायकांना लोहाबरोबर जी गोळी मिळते ना, ती हीच. दिवस राहण्याच्या आधीपासून घेतली तर बाळाच्या मणक्यातले काही दोष टळतात. म्हणजे तेही आजाराआधीचंच औषध! आमच्या गटातल्या बायकांना त्या गोळ्या घ्या घ्या म्हणून मी किती वर्षं ओरडतेय. मुंबईच्या गिरणीतल्या बायका आणि भीमावरमचा एक नापास मुलगा त्या गोळीत आहेत, हे मलाही कुठे माहीत होतं?

दुसरं हेट्राझान, हत्तीपायावरचं. वर्षातून एकदा विदर्भात घरोघर जाऊन निरोगी माणसांनाही डी.ई.सी.च्या गोळ्या खायला घालतात, त्या याच. तिसरं अमिनोप्टेरिन. रक्ताच्या कर्करोगाने तापलेल्या लहान मुलांना बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी ते दिलं आणि काही मुलांचा आजार काही काळापुरता का होईना, पहिल्यांदाच मागे हटला. ते वर्ष १९४८ चं. त्याचं भावंड असलेलं मेथोट्रेक्सेट आजही कर्करोगावर आणि संधिवातावर देतात.

आणि चौथं आपलं प्लेगचं औषध. पेनिसिलिन तेव्हा आलं होतं, पण ते सगळ्या जंतूंवर चालत नव्हतं. अनेक जंतूंवर चालेल आणि तोंडाने घेता येईल असं काही हवं होतं. सुब्बारावांनी बेंजामिन डगर नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञांना कंपनीत घेतलं. वय किती? सत्तरीच्या पुढे! निवृत्त झालेल्या माणसाला कोण कामावर घेतं? सुब्बारावांनी घेतलं. डगर ठिकठिकाणची माती मागवून त्यातले सूक्ष्मजीव तपासत बसले. मिसुरी विद्यापीठाच्या शेतातल्या एका मातीत सोनेरी रंगाचा एक जीव सापडला. त्याच्यापासून निघालेलं औषधही सोन्याच्या रंगाचं, म्हणून नाव ऑरिओमायसिन. टेट्रासायक्लिन घराण्यातलं हे पहिलं अपत्य. जुलै १९४८ मध्ये न्यूयॉर्कला शास्त्रज्ञांसमोर ते जाहीर झालं.

त्यानंतर तीन आठवडेही गेले नाहीत. ९ ऑगस्ट १९४८ च्या सकाळी सुब्बाराव आपल्या बिछान्यात मृत सापडले. झोपेतच हृदय बंद पडलं होतं. वय अवघं त्रेपन्न. देश स्वतंत्र होऊन वर्ष व्हायला एक आठवडा उरला होता. स्वतंत्र देश त्यांनी पाहिला नाही आणि शेषगिरींनी त्यांना पुन्हा पाहिलं नाही. पुढे एका बुरशीच्या प्रजातीला त्यांचं नाव मिळालं, १९९५ मध्ये जन्मशताब्दीला आपल्या टपाल खात्याने तिकीट काढलं. एवढंच.

पण एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते. ज्या स्प्रूने त्यांचे दोन भाऊ नेले, त्या रोगावर आज डॉक्टर काय देतात माहीत आहे? फॉलिक अ‍ॅसिड आणि टेट्रासायक्लिन. दोन्हींचा माग सुब्बारावांच्या प्रयोगशाळेपर्यंत जातो! भावांच्या चितेपाशी जे औषध हातात नव्हतं, ते त्यांनी शोधून ठेवलं. दुसऱ्यांच्या भावांसाठी.

आता पुन्हा आत्याबाईंच्या पट्टीकडे येते. आधी दिलेलं औषध चांगलं की वाईट? दोन्ही! मामल्यात रोग्याच्या उशाशी बसलेल्या बाईला दिलेली कॅप्सूल हे शहाणपण होतं. गुलमंडीवर आमच्या घरी वाटलेली कॅप्सूल ही नुसती भीती होती. चीर देण्याआधी दिलेलं इंजेक्शन हे शहाणपण. टाके घातल्यावर पाच दिवस पोटात ढकललेल्या गोळ्या हीसुद्धा भीतीच. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१६ मध्ये स्पष्ट सांगितलं की ऑपरेशननंतर केवळ खबरदारी म्हणून अँटिबायोटिक लांबवू नये. कारण विनाकारण घेतलेल्या प्रत्येक गोळीने साधे जंतू मरतात आणि औषधाला दाद न देणारे तेवढे उरतात. त्यांचंच राज्य येतं. मग खरी गरज पडेल तेव्हा, म्हणजे बाळंतपणात, न्यूमोनियात, अपघातात, तेच औषध हात वर करतं. शोधायला एका माणसाचं अख्खं आयुष्य आणि एका बाईची पंचवीस वर्षं गेली, ते आपण सर्दी-खोकल्यावर उधळतो. सर्दी तर बहुतेक वेळा विषाणूंची, तिला हे औषध लागूच पडत नाही!

हे सगळं मी आत्याबाईंना सांगितलं. सुब्बारावांच्या शोधांचं त्यांना फारसं काही वाटलं नाही. शेषगिरींचं मात्र वाटलं. त्या बराच वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या की त्या बाईचा फोटो पुस्तकात आहे का, असेल तर दाखव. पट्टी मी पर्समध्ये टाकली ती त्यांनी बघितली, पण काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टरांना फोन करून विचारून घेतलं. जखम लाल झाली, सुजली, पाणी आलं किंवा ताप आला तर लगेच या, नाहीतर काहीही घेऊ नका, असं त्यांनी बजावलं.

तेव्हा मैत्रिणींनो, घरात कुणाचं ऑपरेशन असेल तर एवढं जरूर करा. कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे ते डॉक्टरांना आधी सांगा. अँटिबायोटिक कधी देणार आणि किती दिवस, हे न लाजता विचारा. डॉक्टरांनी कोर्स लिहून दिला असेल तर त्यांनी सांगितला तसाच घ्या, मनाने वाढवू नका आणि मनाने तोडूही नका. चिठ्ठीशिवाय मेडिकलमधून आणू नका. दुकानदारानेही तसं विकू नये असा कायदा आहे. आणि आज दुपारी कामं आटोपली की कपाटातला तो औषधांचा डबा काढा. त्यात कुणाच्या तरी उरलेल्या कॅप्सुली नक्की असतील. माझ्या आईच्या देवघराच्या फळीवर होत्या तशाच!

परवा टाके निघाले. जखम स्वच्छ आहे. डाग पूर्ण गेलेला नाही, पुसट व्हायला अजून काही महिने लागतील असं सांगितलंय. पोरगी सध्या तरी ओढणी घेते आहे, पण आता ती नुसती खांद्यावर असते.